एक आठवडा डे, एक आठवडा नाईट: ए/बी फोन आणि ‘फुल’ ओटीए

रविवार, रात्री साडेअकरा, कोल्हापूरची राजारामपुरी. दुपारपासून झड लागलीय, फायबरची केबल कुठंतरी तुटलीय, आणि मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीतले १.१ जीबी एका झिपनं खाल्ले. लिनिएजओएसचा (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकता येणारं मोफत अँड्रॉइड) आठवड्याचा बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती; नेटवरून येणारं हेच ‘ओटीए’ अपडेट. एरवी शिव्या घातल्या असत्या. आज नाही, कारण दोन महिने छळणारं कोडं सुटलं.

कोडं असं. सेकंडहँड घेतलेल्या या फोनवर रॉम (म्हणजे ही लिनिएजची सिस्टिम) टाकल्यापासून एक आठवडा कॉल मस्त लागायचे, पुढचा आठवडाभर मध्येच तुटायचे. आधी पावसावर ढकललं, मग टॉवरवर, मग बिल्डवर. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत असलेला मित्र वैतागून म्हणाला, "भावा, तुझा फोन शिफ्टमध्ये हाय काय? एक आठवडा डे, एक आठवडा नाईट?"

हसलो. घरी येऊन केबल लावली आणि एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायची सोय) कोणता स्लॉट चालू आहे ते विचारलं: बी. मागच्या, म्हणजे चांगल्या आठवड्यात, तो ए असणार हे उघड होतं. खरंच शिफ्ट!

ए/बी फोनमध्ये सिस्टिमच्या विभाजनांचे (स्टोरेजच्या कप्प्यांचे) दोन संच असतात, ए आणि बी; हेच स्लॉट. अँड्रॉइड ७ पासूनची ही सोय. ए वर फोन चालू असताना अपडेट इंजिन बी वर नवीन सिस्टिम लिहितं, रीस्टार्टला बी चालू होतो, पुढच्या अपडेटला पुन्हा ए. मी दर रविवारी न चुकता अपडेट करतो, म्हणून दर रविवारी स्लॉट बदलतो. (माझा जुना पोको एफ १ असल्या भानगडीत नव्हता. एकच सिस्टिम, रिकव्हरी (अपडेट-दुरुस्तीसाठीची छोटी वेगळी सिस्टिम) तिच्यावरच लिहायची. मध्येच बंद पडला तर पुन्हा रिकव्हरीतून झिप टाकत बसा.)

पण झिप जर ‘फुल’ आहे, तर दोन्ही स्लॉट सारखेच व्हायला हवेत ना? मी इथंच अडकलो होतो. फुल म्हणजे काय, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

डेल्टा अपडेटमध्ये फक्त फरक येतो. तो चालू स्लॉटमधले जुने ब्लॉक वाचतो, त्यांना ठिगळ लावतो आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये लिहितो. त्यासाठी जुनी सिस्टिम बिट न् बिट जुळावी लागते. मॅजिस्कनं (फोन रूट करायचं साधन) बूट इमेजला हात लावला असेल, तर हॅश (डेटा ताडायचा आकडा) चुकतो आणि खेळ खलास. शिवाय कुणी मागच्या आठवड्याच्या बिल्डवर असतो, कुणी तीन महिन्यांपूर्वीच्या. प्रत्येक जोडीसाठी वेगळी डेल्टा बनवून ठेवायची म्हणजे बिल्ड सर्व्हरचं कंबरडं मोडणार. ग्राफीनओएसवाले (असंच दुसरं अँड्रॉइड) अलीकडच्या आवृत्त्यांसाठी डेल्टा देतात, पण त्यांचे फोन मोजके. लिनिएज फुलच देतं. फुलमध्ये जुनं काही वाचायचंच नाही: दाबून भरलेला डेटा उघडायचा आणि लिहायचा. दुसऱ्या स्लॉटमध्ये आधी काय होतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एका जीबीच्या बदल्यात हा निवांतपणा मला परवडतो. महिनाअखेरीस कमी परवडतो.

मात्र ‘फुल’ हे झिपमध्ये जी विभाजनं आहेत तेवढ्यांपुरतंच. पेलोड-डंपर-गो या साधनात झिपमधली पेलोड डॉट बिन फाइल टाकून यादी काढली: बूट, डीटीबीओ, सिस्टिम, व्हेंडर, व्हीबीमेटा. मॉडेम, म्हणजे नेटवर्क आणि कॉल सांभाळणारा भाग, नाही! माझ्या फोनचं फर्मवेअर (अशा भागांचं स्वतःचं सॉफ्टवेअर) या झिपमध्ये येतच नाही. ते मूळ कंपनीच्या अपडेटमधून त्या त्या स्लॉटमध्ये जे पडलं तेच राहतं. आधीच्या मालकाचं शेवटचं अपडेट ए मध्ये गेलेलं, बी मध्ये त्याआधीचं. बेसबँडची, म्हणजे मॉडेमच्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती बी वर असताना लिहून ठेवली, ए वर आल्यावर ताडून बघितली. वेगळी निघाली.

मग बूटलोडरनं (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) परत का नाही फिरवलं? नवा स्लॉट उठलाच नाही तर तो काही प्रयत्नांनंतर जुन्यावर येतो, हे खरं. पण बी उठत होता, व्यवस्थित. उठला की ‘यशस्वी’ असा शिक्का बसतो. कॉल तुटतात की नाही, हे कुणी तपासत नाही.

चूक माझी. पहिल्यांदा रॉम टाकण्यापूर्वी कॉपी-पार्टिशन्सची छोटी झिप साइडलोड करा (केबलनं कॉम्प्युटरवरून चढवा), असं लिनिएजच्या सूचनांत लिहिलंय. ‘हे कशाला’ म्हणत मी ती पायरी गाळली होती.

तर आज: फोन ए वर, म्हणजे चांगल्या स्लॉटवर, असल्याची दोनदा खात्री केली. ही झिप चालू स्लॉटमधलं दुसऱ्यात उतरवते. बी वरून चालवली असती तर जुनं मॉडेम चांगल्यावर बसलं असतं. रिकव्हरी, साइडलोड, झालं. मग आठवड्याची मोठी झिप तिथूनच. कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबला. पहिल्या वेळी मी इथं घाबरून केबल उपटली होती. तो काही वेळा तिथंच थांबतो. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते बघायचं.

रीस्टार्ट. स्लॉट बी. बेसबँड नवीन, ए वर होतं तेच.

मित्राला फोन लावला. त्याची या आठवड्यात नाईट आहे, चहाला बाहेर आला होता. मागं फौंड्रीचा आवाज, त्यात पाऊस, तरी बारा मिनिटं बोललो. शेवटी त्यानंच ठेवला, भोंगा झाला म्हणून.