स्लेड आलाच नाही

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज ताईकडे मुक्काम. शनिवारी भाचीला उशिरापर्यंत टीव्हीची परवानगी असते, म्हणून जेवण झाल्यावर ती आणि मी सोफ्यावर, समोर टीन टायटन्स गो. हे तिचं कार्टून. माझं वेगळं होतं, नुसतं टीन टायटन्स, 2003 ते 2006, पाच सीझन, ज्युनियर कॉलेजात असताना क्लास बुडवून बघायचो. माणसं तीच, पाच सुपरहिरो पोरं, रॉबिन, स्टारफायर, रेव्हन, सायबॉर्ग, बीस्ट बॉय, मूळ इंग्रजीत आवाजसुद्धा त्याच पाच कलाकारांचे, फक्त 2013 पासून सगळे बुटके झालेत, डोकी टोपल्याएवढी झालीत आणि दिवसभर एकमेकांशी फालतू गोष्टींवरून भांडत असतात. भाचीला जाम आवडतं. आवडू दे, माझं काही म्हणणं नाही, पडापडी बघून मी पण हसतो.

पण आज एपिसोडचं नाव आलं द रिटर्न ऑफ स्लेड आणि मी सरसावून बसलो. तिला म्हटलं, थांब, हा डेंजर माणूस आहे. अर्धा काळा अर्धा केशरी मुखवटा, एकच डोळा दिसतो, कधी आवाज चढवत नाही. त्याने एकदा रॉबिनच्या मित्रांचा जीव मुठीत धरून रॉबिनलाच आपला चेला करून घेतलं होतं. एवढं ऐकल्यावर तिने उशी छातीशी घट्ट धरली आणि पाय वर घेतले. मला पण मजा वाटायला लागली, म्हटलं वीस वर्षांनी परत एकदा बघू.

तर स्लेड आलाच नाही. म्हणजे फाइट होऊन गेलेली, आपल्याला न दाखवता. पाचही जण घरी येऊन एकमेकांना सांगतायत काय भारी फाइट झाली, अशी फाइट पुन्हा होणे नाही वगैरे, आणि ते सेलिब्रेट करायला पार्टीला एक विदूषक बोलावतात, मग उरलेला अख्खा एपिसोड त्या विदूषकाचा. सायबॉर्ग आणि बीस्ट बॉयला आठवतं की लहानपणी विदूषक लय भारी असायचा, आता तेवढा भारी वाटत नाही, म्हणून ते त्याला 'कूल' करायला जातात आणि त्याची पार वाट लावतात. बाकीचे सांगत राहतात की अरे तो लहान मुलांसाठीच होता, तुम्ही मोठे झालात.

टोमणा कोणाला होता ते कळायला मला दहा सेकंद लागले. मलाच! माझ्यासारख्या कॉलेजात क्लास बुडवलेल्या सगळ्यांना. आणि खोटं कशाला बोलू, हसलो मी, आयडिया हुशार आहे. पण शेजारी भाची उशी धरून तशीच बसलेली, मध्ये दोनदा विचारलं तिने, मामा स्लेड कधी येणार, आणि मी दोन्ही वेळा येईल गं म्हटलं. संपल्यावर म्हणाली, "मग नाव कशाला दिलं?"

याला काय उत्तर देणार. लग्नात पंगतीला दोन मोठी माणसं लहान मुलाच्या डोक्यावरून एकमेकांना टोमणे मारतात आणि ते पोरगं जिलबीची वाट बघत बसतं, तसं झालं तिचं.

हे एकदाच असतं तर सोडून दिलं असतं. पण आता जुनं कार्टून परत आणलं की हे असतंच. याच सिरीजमध्ये दुसऱ्या एका एपिसोडमध्ये तर एक व्हिलन सरळ सांगतो की तुम्ही टीव्हीवरचे लोक आहात आणि तुम्ही जुन्या सिरीजचा रीबूट आहात. ॲनिमेनिॲक्स 2020 मध्ये परत आलं तर पहिल्याच एपिसोडमध्ये रीबूट काढणाऱ्यांवर, म्हणजे स्वतःवरच, गाणं. त्यांना मी माफ करतो कारण 1993 पासून त्यांचा धंदाच तो आहे, स्टुडिओच्या पाण्याच्या टाकीत कोंडलेली तीन पोरं बाहेर येऊन स्टुडिओचीच टर उडवतात, दुसरं काही नसायचंच त्यात. वेल्माला (2023, स्कूबी-डूवाली वेल्मा, पण स्कूबीशिवाय) मात्र माफी नाही. पहिल्याच सीनमध्ये शाळेच्या शॉवरमधल्या मुली चर्चा करतायत की हल्ली सिरीजच्या पहिल्या एपिसोडमध्ये उगाच अंगप्रदर्शन जास्त असतं, आणि कॅमेरा नेमका तेच दाखवतोय. म्हणजे चूक पण करायची आणि चूक कळते म्हणून शाबासकी पण घ्यायची.

आजच संध्याकाळी ताईने खिचडी वाढता वाढता सांगितलं, "चिकट झालीय हं आज, साबुदाणाच तसला निघाला." झाली, आता मी काय बोलणार? छान झालीय म्हटलं. गिचका होता गिचका. पण एकदा वाढणाऱ्याने आधीच सांगून टाकलं की खाणाऱ्याचं तोंड बंद. हे रीबूटवाले सेम तेच करतात, फक्त ताईने निदान खिचडी वाढली, यांच्या ताटात नुसतंच 'चिकट झालीय हं'.

(खरं तर मी पण या पोस्टच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली होती, कार्टूनवर एवढं लिहितोय म्हणजे काम नाही वाटतं मला. खोडली. सवय कुठून लागते बघा.)

आणि पात्राने प्रेक्षकाशी बोलणं यात आपल्याला नवीन ते काय, तमाशात सोंगाड्या आणि गवळणीतली मावशी दुसरं काय करतात. पण तिथे गण होतो, गवळण होते, बतावणी होते आणि मग वग उभा राहतो. इथे बतावणीच चाललीय तासन् तास, वगाचा पत्ता नाही.

याच्या उलट डकटेल्स. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी बघितलेलं ते, हिंदीतलं. त्याचा 2017 चा रीबूट मी उशिरा बघितला, तोंड वाकडं करूनच लावला होता. आता गंमत बघा, ह्यूई ड्यूई लुई हे डोनाल्डचे भाचे, मामा आहे, आजोबांच्या वयाचा स्क्रूज आहे, पण त्यांची आई कुठंय? जुन्या सिरीजमध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मला पण रविवारी सकाळी कधी पडला नव्हता. दुसऱ्या कोणी रीबूट केला असता तर यावर एक जोक नक्की होता, आमची आई? लेखक विसरले वाटतं, आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला की पुढे. यांनी तो जोक केला नाही, त्याचीच गोष्ट केली. आई आहे, डेला तिचं नाव, डोनाल्डची बहीण. स्क्रूजने तिच्यासाठी रॉकेट बांधलं, ती कोणाला न सांगता ते घेऊन गेली, अवकाशातल्या वादळात हरवली. आणि तो चिंगूस म्हातारा, नाण्यांत पोहणारा, तिला शोधायला एवढा पैसा ओतत गेला की शेवटी इतरांना त्याला थांबवावं लागलं. पोरांना हे कळतं तेव्हा सगळे एका लटकत्या विमानात आहेत, भांडण होतं, आणि मग स्क्रूज त्या मोठ्या वाड्यात एकटा. मी हा एपिसोड बघताना चहा गार केला.

जुन्या सिरीजमधलं भोक त्यांना पण दिसलं होतंच की. त्यात बोट घालून 'बघा बघा भोक' करण्यापेक्षा त्यांनी तिथे आई बसवली.

असो. भाची झोपायला तयार नव्हती, खरा स्लेड दाखव म्हणून मागे लागली, मग फोनवर जुना टीन टायटन्स काढला, रॉबिन चेला होतो तो एपिसोड. सुरुवातीला म्हणाली हे एवढे लांब का झालेत सगळे. मग गप्प झाली. स्लेड पहिल्यांदा बोलला तेव्हा उशी परत छातीशी. मध्ये पाणी पण मागितलं नाही. संपल्यावर विचारते, मामा, याचा डोळा कोणी फोडला? म्हटलं ते कार्टूनमध्ये सांगत नाहीत. आता अंधारात पडल्या पडल्या त्या डोळ्याबद्दल स्वतःच काहीतरी रचून आईला सांगतेय, मला इथपर्यंत ऐकू येतंय.

उद्या टेराची, म्हणजे टायटन्समध्ये येऊन त्यांनाच दगा देणाऱ्या पोरीची, गोष्ट लावायचं ठरलंय. ताईला सांगून ठेवलंय, भाची रडली तर मला ओरडायचं नाही.