फडक्याच्या रेघा

मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि वॅक्सची डबी उघडणारा हात तसाच थांबला. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. वर्तुळंच वर्तुळं.

शेजारी उभी असलेली लेक म्हणाली, "बाबा, हे तुमच्या फडक्याचे ओरखडे आहेत ना?"

खरं होतं. रोज सकाळी कोरड्या फडक्याने मी गाडी पुसतो, अगदी मायेने. आणि धुळीतले बारीक कण रोज रंगावर घासले जात होते. (रेघा असतात सगळ्या दिशांना, उजेडाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल दिसतात.)

नख फिरवून पाहिलं. अडकलं नाही, म्हणजे ओरखडे वरवरचे. वॅक्सने ते जात नाहीत, नुसते बुजतात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा वर येतात. पॉलिशने कमी होतात, पण पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरच किंचित झिजवणं. तो थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. असा किती वेळा घासणार?

मग गाडी भरपूर पाण्याने धुतली, मायक्रोफायबरने टिपून घेतली. बॉनेटवर हलकं पॉलिश, त्यावर वॅक्सचा पातळ हात. बाकीच्या रेघा राहू दिल्या.

लेकीचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये. काळजी म्हणून आपण रोज जे करतो, ते कुठे घासतंय का, हे उजेड धरून कधी बघतो का आपण?