१७, झुबोव्स्की बुलवार

वाळवी लागली की काय, हे पाहण्यासाठी माळ्यावरची पुस्तके खाली काढली. त्यांत मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाचे एक मराठी पुस्तक हाती लागले आणि उरलेला ढीग संध्याकाळपर्यंत तसाच जमिनीवर पडून राहिला. या पुस्तकांचा विषय निघाला की आमच्या पिढीतली माणसे लगेच त्यांच्या वासावर येतात. वासाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला ओढ होती ती शेवटच्या पानाची.

त्या पानावर वाचकांना एक विनंती छापलेली असे. पुस्तकाचा मजकूर, अनुवाद आणि मांडणी यांविषयी आपले मत कळवावे, पुढच्या प्रकाशनांसाठी सूचना कराव्यात. आणि खाली पत्ता, १७, झुबोव्स्की बुलवार, मॉस्को. तोवर मला कोणीच कशाविषयी मत विचारलेले नव्हते, घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही. त्यामुळे दहाव्या वर्षी मी ही विनंती अतिशय गांभीर्याने घेतली आणि वहीचे पान फाडून तक्रार लिहायला बसलो. गोष्टीतला ग्रिगोरी मध्येच ग्रीशा कसा होतो, आणि दोघे एकच असतील तर तसे आधी सांगायला काय हरकत होती, असा एकंदर आशय होता. दादांनी पत्र वाचले, एक काना दुरुस्त केला आणि परदेशी टपालाची चौकशी करून आले. पुस्तकापेक्षा तिकीट महाग पडते, असे त्यांनी सांगितले आणि विषय तिथेच संपला.

पुस्तक इतके स्वस्त का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. १९३१ साली परदेशी कामगारांसाठी म्हणून सुरू झालेली, १९६३ पासून ‘प्रगती’ हे नाव लावणारी ती संस्था सरकारी होती. तिला विक्रीतून पोट भरायचे नव्हते, कम्युनिस्ट पक्षाचे म्हणणे जगाच्या कानाकोपऱ्यात आणि शक्य तितक्या भाषांत पोचवायचे होते. १९८२ मध्ये ललित आणि बालसाहित्य ‘रादुगा’कडे, म्हणजे ‘इंद्रधनुष्या’कडे गेले, धनी मात्र तोच राहिला. काय छापायचे ते वर ठरे, आणि १९२२ पासून ग्लाव्हलित नावाच्या सेन्सॉर खात्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही छापले जात नसे. हे कळण्याइतका मोठा झाल्यावर मी त्या विनंतीला मनसोक्त हसलो. सगळे ठरवून झाल्यावर मत विचारणे, म्हणजे लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखेच.

आता मात्र तितके हसू येत नाही. मराठीचा एकेक ऱ्हस्वदीर्घ तपासत मॉस्कोच्या बर्फात कोणीतरी बसलेले असणार, आणि पक्षाचे धोरण काहीही असो, जोडाक्षर नीट उमटले की नाही, हे त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचे असेल. (आपल्याकडच्या खाजगी प्रकाशकांनी मला आजवर फक्त नवी यादी पाठवली आहे.) निदान मला तरी तसे वाटून घ्यायला आवडते.

अखेरीस बारीक रशियन अक्षरांत आणखी एक मजकूर असे: पुस्तक जुळणीला कधी दिले, छपाईला मंजुरीची सही कधी झाली, प्रती किती काढल्या. लहानपणी त्यातले मला फक्त आकडे वाचता येत, आणि ते मी अगदी मन लावून वाचत असे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, पण त्या सहीची तारीख अजून स्वच्छ दिसते.

तिथेच माझे पत्र घडी घालून ठेवलेले सापडले. काना दादांच्या निळ्या शाईत आहे. तारीख मात्र दोघांपैकी कोणीच घातलेली नाही.