स्तनाच्या पुनर्रचनेचे दिवस : घरी काय काय सांभाळावं लागलं

माझ्या डाव्या स्तनात दोन वेगवेगळ्या जागी कर्करोगाच्या गाठी निघाल्या. नुसत्या गाठी काढून भागणार नव्हतं, पूर्ण स्तनच काढावा लागला. त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर बसवला. आमच्या घरात त्याला पहिल्यापासून फुगा म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. हा फुगा हळूहळू भरत न्यायचा, कातडी आणि स्नायू ताणून आत जागा करायची आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो काढून सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. मला रेडिएशन लागणार नव्हतं, म्हणून प्लास्टिक सर्जननी हा मार्ग सुचवला. रेडिएशन झालं की इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी बहुधा पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचाच मांसल भाग वळवून स्तन घडवतात.

मी सोलापुरात साखर पेठेजवळ राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. ऑपरेशन पुण्याला झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण ऑपरेशनबद्दलच विचारतो. माझा खरा कस लागला तो घरी आल्यावर, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं बोललं नव्हतं. म्हणून लिहायला घेतलं.

घरी आले तेव्हा अंगात दोन ड्रेन होते, जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला. काखेच्या खालून बारीक नळ्या बाहेर आलेल्या आणि टोकाला भात्यासारख्या दाबता येणाऱ्या बाटल्या. हे काम लेकीने अंगावर घेतलं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी साबणाने हात धुवायचे, बूच काढून बाटलीतलं पाणी मापाच्या कपात ओतायचं, आकडा बघायचा. मग बाटली पूर्ण दाबून, दाब धरूनच बूच लावायचं, म्हणजे आतली ओढ टिकते. बूच लावताना बाटली फुगली तर पुन्हा दाबायची. नळीत रक्ताच्या गुठळ्या अडकू नयेत म्हणून ती कातडीजवळ एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली निपटत आणायची. नर्सने हे करून दाखवलं तेव्हा लेकीने मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतला होता, त्याचा फार उपयोग झाला. आकडे आम्ही कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचो, वर मागच्या ड्रेनचा आणि खाली पुढचा. आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं असा रंग बदलत गेला. चोवीस तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आकडा आला आणि लागोपाठ दोन दिवस तसाच राहिला, की ड्रेन काढायचा असं सांगितलं होतं. आकडा मध्येच वाढला की जीव खालीवर व्हायचा. हात जास्त हलला की तो वाढतो, हे दोन-चार दिवसांत लक्षात आलं आणि मग घरातले सगळेच माझ्या डाव्या हातावर नजर ठेवू लागले.

त्या बाटल्या दिवसभर ठेवायच्या कुठे, हा प्रश्न दवाखान्यात कुणी काढलाच नव्हता. पिन लावून गाऊनला अडकवल्या तर उठताना नळी ओढली जाते आणि टाक्याशी कळ येते. मी निघायच्या आधीच सासऱ्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराच्या दोन पिशव्या शिवून नेल्या होत्या. कमरेला बांधायला रुंद नाडी, आणि तिलाच दोन्ही बाटल्या उभ्या राहतील असे खिसे. बाटली नेहमी जखमेच्या खाली राहिली पाहिजे, म्हणून गळ्यात अडकवण्यापेक्षा कमरेला बरी. दोन सुती गाऊन पुढून पूर्ण उभे कापून टिच बटणं लावली. हात वर करून डोक्यातून काहीही घालायचं नसतं, ते पुढचे बरेच दिवस. नवऱ्याचे जुने शर्टही चालतात, फक्त बाही सैल हवी. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हे आधी करून ठेवा. घरी आल्यावर शिवायची ताकद नसते.

आता पाणी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की घरातली सगळी पिंपं, घागरी, हंडे भरून घ्यायचे. मला दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जड काम काय असतं?" तेव्हा मी हेच सांगितलं आणि ते म्हणाले, याची सोय आधी लावा, मग ऑपरेशनची तारीख ठरवू. शेजारच्या अक्का विड्या वळतात, त्यांचा मुलगा यंत्रमागावर जातो. पाण्याची पाळी त्या दोघांनी घेतली. पहिल्यांदा पाणी आलं आणि मी सवयीने उठले तर अक्का दारातूनच ओरडल्या, "तू उठू नगं, मी हाय की!" ह्यांनी पिंपाला खाली तोटी बसवून घेतली, म्हणजे मला तांब्यासुद्धा वरून बुडवावा लागू नये.

भाकरी थापणं हेही छातीच्या स्नायूचं काम आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. फुगा त्याच स्नायूखाली असल्याने पीठ मळणं, थापणं, कुकरचं झाकण आवळणं, उंच तारेवर कपडे वाळत घालणं, पलंगावरून हातावर जोर देऊन उठणं, सगळं बंद. आमचं पोट कडक भाकरीवर निभावलं, ती बाहेरून आणता येते आणि टिकते. उठताना आधी उजव्या कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि उजव्या कोपरावर भार देऊन बसतं व्हायचं.

झोप हा सगळ्यात मोठा त्रास. सपाट झोपलं की छाती ओढली जायची. भिंतीला लोड, त्यावर दोन उशा, असं अर्धवट बसून झोपायचं, गुडघ्याखाली एक उशी आणि डाव्या हाताखाली गुंडाळलेली चादर. आपली सोलापुरी चादर याला अगदी योग्य, कापसाच्या उशीसारखी ती दबत नाही.

खाण्यावरून मात्र घरात वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, दही-ताक दिलं की जखम पिकते, भातही नको. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती मायेपोटीच असते. पण जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, डाळी, उसळी, दही, दूध, शेंगदाणे, सगळं खायचं होतं. शेवटी डॉक्टरांनीच फोनवर सासूबाईंना सांगितलं, "आजी, तुम्ही स्वतः त्यांना दही द्या." त्यानंतर त्या रोज वाटी घेऊन समोर बसायच्या. हळद लावायचा आग्रहही तेव्हाच सुटला. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथताना छातीवर ताण येतो. रात्री इसबगोल आणि दिवसभर पाणी, हे पहिल्या दिवसापासून धरलं.

एक गोष्ट आपल्या भागातल्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. मिश्री लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, कातडीला रक्त कमी पोचतं, टाक्याची कड काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती पूर्ण बंद ठेवायला लागते.

ड्रेन निघाले आणि व्यायाम वाढले. तोवर फक्त मूठ उघडझाप, कोपर, मनगट आणि खांदे गोल फिरवणं एवढंच होतं. आता भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. मी शिवणाच्या खडूने भिंतीवर रोजची रेघ मारायची. काही दिवस रेघ एकाच जागी थांबायची, मग अचानक चार बोटं वर सरकायची. केसांचा अंबाडा स्वतः घालता आला त्या दिवशी मी देवाजवळ साखर ठेवली. काखेतल्या काही लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून रक्त काढणं, सुई, बीपीचा पट्टा, सगळं उजव्या हाताला. शिवताना डाव्या बोटात टोपण घालते.

जखम भरल्यावर फुगा भरायला सुरुवात झाली. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचं आणि संध्याकाळी तिनेच परत. डावी बाजू खिडकीकडे येईल अशीच जागा धरायची, म्हणजे ये-जा करणाऱ्यांचा धक्का लागत नाही. ओपीडीत डॉक्टर छोट्या चुंबकाने फुग्याचं तोंड शोधतात, तिथे खूण करतात आणि सुईने सलाईन भरतात, एका वेळी साधारण 50-60 मिलिलिटर. तिथली कातडी बधिर असल्याने सुई जवळजवळ कळतच नाही. त्रास नंतर सुरू होतो. दौंड मागे पडेपर्यंत छाती दगडासारखी घट्ट व्हायची आणि दोन दिवस खांद्यापर्यंत ओढ लागायची. पॅरासिटामॉल आणि सैल सुती बॉडी (ब्रा), एवढ्यावर भागायचं. या फुग्यात चुंबक असल्याने तो आत असेपर्यंत एमआरआय करायचा नाही, याचं कार्ड मी पर्समध्ये ठेवलं होतं.

या दरम्यान दोन्ही बाजूंचं माप दर वेळी वेगळं. उजवीकडे आहे तेवढं, डावीकडे आधी सपाट आणि मग थोडं थोडं वर. मी तारेशिवायच्या सुती बॉडीला आतून खिसा शिवला आणि त्यात कापसाची गादी घातली. प्रत्येक भरणीनंतर त्यातला कापूस काढत गेले.

मधेच एकदा टाक्याच्या खाली लालसर पट्टा दिसला, हाताला गरम लागला. लेकीने बॉलपेनने त्याची कड आखली. संध्याकाळपर्यंत लाली रेघेबाहेर गेली आणि ताप 101 झाला. तिने फोटो पाठवला, त्याच रात्री औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी पुणे गाठलं. फुगा वाचला. लाली, ताप, अचानक सूज, घाण वास, पोटरीत दुखणं किंवा दम लागणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघत बसू नका.

उन्हाळा आला, पारा 42 च्या वर गेला आणि बधिर कातडीचा अर्थ तेव्हा नीट कळला. चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी छातीवर कधीच ठेवायची नाही, आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं, शेगडीवर वाकताना पदर आणि छाती दोन्ही सांभाळायचं. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, ती जागा मऊ कापडाने टिपून कोरडी ठेवायची. चोळायचं नाही.

"या वयात कशाला ही चिरफाड? पोरं मोठी झाली की." हे मी पुष्कळदा ऐकलं, बायकांकडूनच जास्त. मी 46 वर्षांची आहे. मला माझं शरीर परत भरलेलं हवं होतं, आणि एवढं कारण मला पुरेसं वाटतं. माझी एक गिऱ्हाईक सपाट छातीने राहते, तिला ते बरं वाटतं. तिच्या ब्लाउजला मी तशी कटोरी काढते. दुसरी बॉडीत सिलिकॉनचा पॅड घालते. ज्याचं त्याने ठरवावं. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटायची शक्यता वाढत नाही, हे मात्र सगळ्यांना सांगा, कारण ती भीती घालणारे फार.

दुसरं ऑपरेशन त्या मानाने हलकं गेलं. फुगा टणक होता, इम्प्लांट मऊ आहे, आणि कुशीवर झोपता यायला लागलं. कर्करोग उलटू नये म्हणून जी टॅमॉक्सिफेनची गोळी देतात, तिने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, म्हणून ऑपरेशनआधी ती थांबवायची का आणि किती दिवस, हे विचारून घेतलं होतं. टाके पूर्ण भरल्यावर रोज रात्री खोबरेल तेलाचं बोट लावून व्रण हळू हळू दाबते. कातडी अजून बरीचशी बधिर आहे, थोडी जाणीव कडेने परतते आहे. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे कधी बदलावं लागू शकतं, हे माहीत असूनच घेतलं.

स्तनाग्र करायचं की नुसतं गोंदवून घ्यायचं, की आहे तसंच ठेवायचं, हे अजून ठरवलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, घाई नाही. उजव्या बाजूची मॅमोग्राफी मात्र दर वर्षी. ती मी जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की करून घेते, तेव्हा लग्नसराईचे ब्लाउज यायला अजून अवकाश असतो.