‘सगळं येतं’ म्हणणाऱ्या मुलांसाठी, गोथेनबर्गहून

इथे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात शिकवताना मला सगळ्यात आवडतं ते मुलांचं सरळ विचारणं. “हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा.” ना संकोच, ना कुणी मागे वळून हसत. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वर्गात एवढं म्हणायला छाती लागायची.

याच विद्यापीठात १९७६ साली फेरेन्स मार्टन आणि रॉजर सॅल्यो या शिक्षणसंशोधकांनी विद्यार्थ्यांना एक मजकूर वाचायला देऊन ते कसे वाचतात हे तपासलं. काहींनी शब्द धरून ठेवले, काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं. त्यातून वरवरचं शिकणं आणि खोलवरचं शिकणं अशी विभागणी रुळली, आणि आपलं पाठांतर बहुतेकांनी वरवरच्या खात्यात टाकलं. मला ते मुळीच पटत नाही. चिनी शिक्षकांशी बोलल्यावर पुढे मार्टन यांनाच दिसलं की पाठ करता करता समजही वाढू शकते. लहानपणी रामरक्षा म्हणताना कितीतरी ओळींचा अर्थ आपल्याला असाच उलगडत गेला.

आत्मविश्वासाचंही तसंच. शाळकरी मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ साली जपान आणि कोरियाची मुलं गणितात आघाडीवर होती, तरी स्वतःला गणितात कच्ची समजत होती. म्हणून शांत मूल दिसलं की ‘याला आत्मविश्वासच नाही’ असा शिक्का मारू नये, असं मला मनापासून वाटतं.

उलटंही घडतं. माझा भाचा यंदा दहावीला आहे. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मावशी, प्रकाशसंश्लेषण सगळं येतं.” पानभर पिवळं हायलायटर. म्हटलं, “पुस्तक मिट आणि सांग बघू.” दुसऱ्याच वाक्याला अडला, चेहरा उतरला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात हेच झालं होतं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल याची खात्री होती, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते वाचल्यावर न बघता लिहून पाहणाऱ्यांना.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा सांगायचे, ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून जमलं की. म्हणून ताई आता भाजी निवडताना रोज त्याच्याकडून एक उत्तर पुस्तक मिटून ऐकते. अडला तर लगेच सांगत नाही, थांबते. गणितालाही हेच लावलंय: सोडवलेलं उदाहरण वहीने झाकायचं, पहिली पायरी स्वतः मांडायची, मगच वही खाली सरकवायची.