तुळशीतला झिरोचा दिवा

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. उद्या ऑफिस आहे, फोटो अजून जुळवून झालेले नाहीत, आणि डोक्यात आकाशगंगेऐवजी काकीच्या तुळशीतला झिरोचा दिवा बसलाय.

लाल, साधा, बाजारात कुठेही मिळतो तसला. वृंदावनाच्या देवळीत बसवलेला, वायर मागच्या भोकातून ओढून घेतलेली, जोडावर काळी टेप, टेपेवर तेलाचा नि काजळीचा थर. संध्याकाळची पणती तासाभरात विझते, मग रात्रभर हा जळतो. तो काकीनं माझ्यासाठी बंद केला. झालंय ते एवढंच. कुणाला सांगितलं तर 'बरं मग?' म्हणतील. घरात म्हणालेच.

चैत्रातली अमावास्या गाठून नेहमीप्रमाणे आकाशगंगेचे फोटो काढायला वर गेलो होतो. वाडीचं नाव लिहीत नाही, रीलवाले पोचले की जागेचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चोर्ला घाटाच्या अलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, एवढं पुरे. अभयारण्यात रात्रीचं शिरता येत नाही, शिरूही नये; म्हणून काकीच्या काजूच्या बागेवरची भरड हीच माझी जागा. दादा यंदा आला नाही. ते पुन्हा कधीतरी.

त्या भरडीवरून आग्नेय दिशा मोकळी आहे. तिकडे भीमगडचं रान, दिव्याचं नाव नाही. आणि आपल्याला हवं ते नेमकं तिकडूनच वर येतं. आधी वृश्चिक, मागोमाग त्याच्या शेपटीतलं मूळ नक्षत्र, मग पूर्वाषाढा, आणि या दोघांच्या मधे आकाशगंगेचा गाभा. एप्रिलच्या शेवटी तो अकराच्या सुमारास डोंगराआडून डोकं काढतो आणि पहाटे चारच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 45 अंशांवर येतो. त्याची वाट बघत असताना दक्षिणेकडे झाडांच्या शेंड्यांवर त्रिशंकू उभा असतो, उत्तरेकडे जवळजवळ तेवढ्याच उंचीवर ध्रुव. आपण 15 अक्षांशावर राहतो त्याचा हा फायदा, दोघेही एका जागी उभं राहून दिसतात. लडाखला जाऊन आलेले कितीही फुशारक्या मारोत, त्यांना तिथून त्रिशंकू दिसत नाही.

तोटे मात्र मोजू नयेत इतके. जूनपासून ढग. त्याआधी समुद्रावरची दमट हवा, काजूच्या दिवसांत रानात कुठे ना कुठे धूर, मे उजाडला की संध्याकाळी घाटावर गडगडाट. वर्षाकाठी चार बऱ्या रात्री मिळतात म्हणायच्या, त्यातली एक लग्नात जाते.

तर यंदा गेलो, आणि वळणावर खांब.

नवाकोरा. वर एलईडी, पांढराफटक. गाडी बंद करून मी आतच बसून राहिलो. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. म्हापशाच्या घराच्या गच्चीवरून मी सुरुवात केली, तेव्हा गच्चीवरूनही बरंच दिसायचं. पुढे दक्षिण गोव्यात काब द रामला जायला लागलो. तिथं पाण्यावर ट्रॉलरचे दिवे. एलईडी लावून मासे धरायला 2017 मध्येच केंद्रानं बंदी घातलीय, आणि तरी क्षितिजावर कधीकधी अख्खं गाव वसल्यासारखं दिसतं. मग काणकोणातच आणखी दक्षिणेला. गालजीबागला कासवं अंडी घालतात म्हणून किनाऱ्यावर दिवे बेतानं असतात, पिल्लं उजेडाकडे भरकटतात म्हणून. माझ्यासाठी कोण दिवे बेतानं ठेवणार! मग सत्तरी. इथंही पश्चिमेला बघवत नाही. मोपाच्या विमानतळाच्या अंगाला आभाळ उतू जायला आलेल्या दुधासारखं फुगलेलं, त्याच्या डावीकडे पणजी, आणि पाठीमागे ईशान्येला बेळगावची पिवळट कड. एक आग्नेय तेवढी उरली होती.

आणि आता तिथं खांब. जुना सोडियमचा पिवळा असता तरी चाललं असतं, त्याचा उजेड ठरावीक रंगापुरताच असतो, फिल्टर लावून बराचसा गाळता येतो. हे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत सांडतात. त्यात निळा भरपूर, आणि हवेत निळाच जास्त विखुरतो. म्हणजे खांब एक, पण त्याची साय सगळ्या आभाळावर. 2016 साली रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा जगाचा नकाशा केला होता त्यात, माणसांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांना घरून आकाशगंगाच दिसत नाही असं निघालं. मला वाटायचं, ते लोक आपण नव्हे. आता पुढे कुठे? लडाखमधलं हानले 2022 पासून राखीव काळोखाचं झालंय, विदर्भातल्या पेंचलाही 2024 मध्ये तसा दर्जा मिळाला. म्हणजे काळोख बघायचा तर रजा टाकायची, रेल्वेचं तिकीट काढायचं. काळोख फुकटात मिळणारी शेवटची गोष्ट आहे अशी माझी समजूत होती.

असलं सगळं तोंडावर घेऊन मी काकीच्या सोप्यावर चढलो. चहा झाला. बोंडांचा आंबूस वास घरभर, कोपऱ्यात बिया पसरलेल्या. खांबाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? काकांचं जे झालं ते त्याच वळणावर. त्यानंतर वाडीतल्या बायका पंचायतीत किती खेपा घालत होत्या ते मला ठाऊक आहे, काकी पुढे असायची. तो उजेड त्यांनी भांडून आणलाय. पावसात तिथून शाळेची पोरं येतात, गवे रस्त्यावर उभे असतात, काळोखात काळा गवा दिसतो कुठे.

बोललो नाही, पण माझं तोंड मेलं गप्प बसत नाही. ट्रायपॉड खांद्यावर टाकून उठलो तशी काकी म्हणाली, "तुका लायट आड येता?"

मी नाही-नाही म्हटलं. बहुतेक दोनदा म्हटलं, म्हणजे तिला कळलंच.

तिनं सोप्यावरची ट्यूब घालवली. मागल्या दारचा बल्ब घालवला. मग अंगणाच्या कडेला उभं राहून पलीकडच्या घरांना हाका. काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही, 'फोटो' तेवढं कळलं. एकेक करून पलीकडच्या खिडक्या काळ्या झाल्या. एका घरात टीव्ही चालू होता, तोही बंद. मी आपला ट्रायपॉड धरून अंगणात, लग्नातल्या बिनकामाच्या पाहुण्यासारखा. "आमकां कितें, आमी आतां न्हिदतलींच," काकी म्हणाली. साडेनऊ वाजले होते.

आणि मग, "रांव, तुळशीचोय पालयतां."

"काकी, तो राहू दे," मी म्हटलं. तो लाल आहे, त्यानं माझं काही बिघडत नाही हे सांगणार होतो. माझ्या डोक्यावरची बॅटरीसुद्धा लालच असते. काळोखाला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि लाल उजेडानं ती मेहनत फुकट जात नाही, म्हणून. पण तोवर बटण पडलं होतं. "तिका कळटा," काकी म्हणाली. म्हणजे तुळशीला. आणि आत जाता जाता, अगदी हळू, "खांब्याचें आमच्या हातांत ना रे."

मी भरडीवर गेलो. एक मोठा कातळ आहे, त्याच्याआड बसलं की खांब थेट लागत नाही. फोटो चांगले आले. चांगले म्हणजे, बऱ्याच वर्षांत असे आले नाहीत. 20 मिलिमीटरची लेन्स, एफ 2, आयएसओ 3200, एकेक फ्रेम 13 सेकंदांची. पुस्तकी हिशेबानं 25 सेकंद चालतात, पण हल्लीच्या सेन्सरवर तोवर तारे लांबुडके होतात. 16 फ्रेम एकावर एक बसवल्या की दाण्यांची कचकच चौथाईवर येते. झाडं वेगळी टिपायची, आयएसओ 800 वर चार मिनिटं, आणि नंतर खाली जोडायची. तीनच्या पुढे दव पडायला लागलं, लेन्सला हातगरम करायच्या पुड्या बांधल्या. सगळं व्यवस्थित. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

मग मला टोचतंय काय?

आधी वाटलं, उपकार. पण काकीचे उपकार मी कधी मोजले नाहीत. दर खेपेला फणस नि बिया गाडीत घालून घेतो, तेव्हा कुठे काही टोचतं? मग वाटलं, तुळशीचं म्हणून असेल. तेही नाही. मी असा काय मोठा देवभोळा, आणि ज्यांची तुळस त्यांचा तिच्याशी समझोता झालेला. मग वाटलं, घरी कुणी माझ्यासाठी एक खोली काळोखी ठेवत नाही आणि इथं अख्खी वाडी निजली, याचं वाईट वाटत असावं. ते आहे. थोडंसं आहे. पण ते जुनं आहे, त्यानं झोप जात नाही.

आज संध्याकाळी फ्रेमा चाळताना पहिलीच चाचणीची फ्रेम लागली. काकीनं हाका मारायच्या आधी, ट्रायपॉड अंगणातच उघडून फोकस बघायला सहज घेतलेली. ती मोठी करत गेलो. डाव्या कोपऱ्यात खाली काजूची फांदी आलीय. तिच्या पानांच्या कडांना, फक्त कडांना, लालसर हात फिरवल्यासारखा रंग आहे. शिरा उठून दिसतात. एका पानाला कीड लागलेली, त्या भोकाभोवतीसुद्धा लाल काठ. वर स्वातीचा ठिपका. नंतरच्या सगळ्या फ्रेमांत काजूची पानं काळी, कात्रीनं कापल्यासारखी. शास्त्र म्हणून त्या बरोबर आहेत. स्पर्धेला पाठवायच्या तर त्याच पाठवायच्या.

खूप वेळ त्या फांदीकडे बघत बसलो. तेव्हा कुठे ते खांबाचं वाक्य आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतोच, बाजूला ठेवलं होतं. जो दिवा आणायला तिनं चपला झिजवल्या, त्याच्याबद्दल ती माझ्यापुढे ओशाळली होती. माझ्यापुढे, जो वर्षातून दोनदा उगवतो, रात्रभर वर बघतो आणि सकाळी बिया घेऊन जातो. खांब बंद करता येईना म्हणून तिच्या हातात जे जे बटण होतं ते ते तिनं बंद केलं. तुळस शेवटची होती. आणखी एखादं असतं तर तेही केलं असतं.

हे लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. फारसं नाही.

खांबावर झाकण बसवता येतं, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल आणि वर जाणार नाही. पत्र्याची पट्टी लागते, महाग नसते. गव्यालाही तो रस्त्यावरच दिसायला हवा, आभाळात नव्हे. हे पंचायतीत सांगायचं तर अर्ज मलाच करावा लागेल, आणि अर्जदाराचा त्या वाडीशी संबंध काय या रकान्यात 'पुतण्यासारखा' असं लिहावं लागेल. धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, आधी आपल्या फाटकावरचा फ्लडलाइट बघ. बरोबर आहे त्याचं. बाबांनी लावलेला आहे, शेजारच्यांच्या माडावर रात्रभर पाडव्यासारखी रोषणाई असते, आणि तो काढायचा विषय आईपुढे कोण काढणार? मी तर नाही. त्या वाडीला मी काळोख शिकवायला निघालोय.

मघाशी काकीचा फोन आला होता. तिच्या नातवाच्या मोबाइलवर मी सगळ्यांत चांगला फोटो पाठवला होता, तो तिला मोठा करून दाखवला गेला म्हणे. मूळ कुठलं, ज्येष्ठा कुठली, तो मधला धुरासारखा पट्टा म्हणजे काय, सगळं सांगायची माझी तयारी होती. तिनं विचारलं, "आमचें घर खंय?"

मी सांगितलं, खाली डावीकडे, ते काळं दिसतं ना, तेच.

"दिसना कितेंच," काकी म्हणाली. पलीकडे दोन मिनिटं घरात चर्चा झाली. नातवाची नवी मोटारसायकलही त्यात यायला हवी असं ठरलं. मग मला हुकूम: "फोटो काडपाक सकाळीं यो. उजवाड आसता." 

रविवारी जातोय. त्यासाठी 50 ची लेन्स लागेल, ती दादाकडे आहे. म्हणजे दादालाही फोन करणं आलं.