‘हूप ड्रीम्स’ मराठीत : मार्शलच्या मॅचेसनी आणलेले नाकीनऊ

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. ‘हूप ड्रीम्स’ म्हणजे शिकागोतल्या विल्यम आणि आर्थर या दोन बास्केटबॉलवेड्या पोरांवरचा अमेरिकी माहितीपट, आणि त्याची मराठी सबटायटल मी बांधतोय. त्यातल्या मार्शल या शाळेच्या मॅचेसचा गुंता सुटायला लागलाय, आणि जी युक्ती चालली ती आपण आजवर चघळलेल्या सगळ्या युक्त्यांच्या बरोबर उलटी निघाली.

मागच्या वेळी नाइकी कंपनीच्या बास्केटबॉल कॅम्पपाशी थांबलो होतो. तो भाग बांधून झाला. प्रिन्स्टनला देशभरातली निवडक पोरं खेळतायत, कडेला कॉलेजांचे कोच बैलबाजारात दात मोजावेत तसे त्यांना निरखतायत, आणि दिग्दर्शक स्पाइक ली त्याच पोरांना सांगतोय की तुम्हाला इथे कशासाठी बोलावलंय ते नीट ओळखून असा. बोलणारा एक, ऐकणारे गप्प. असा प्रसंग हाती लागला की सबटायटलवाल्याची दिवाळीच. विल्यमची एसीटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा आणि तो 18चा आकडा गाठायची धडपड, तीही आटोपली. आकडे पडद्यावर लिहिलेले दिसत असले की अर्धं काम आयतं होतं.

मग आला आर्थर, आणि मार्शल.

ज्यांनी पिक्चर पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नव्याने आलेल्यांसाठी : फी थकली म्हणून सेंट जोसेफ या खासगी शाळेतून (विल्यम तिथेच राहतो) बाहेर पडलेला आर्थर एजी शिकागोतल्या मार्शल हायस्कूलमध्ये येतो, आणि 1991 साली, त्याच्या शेवटच्या वर्षात, मार्शलचा संघ शहर स्पर्धा जिंकून शँपेन गावी राज्य स्पर्धेत उतरतो आणि तिसरा येतो. जवळजवळ तीन तासांच्या या पिक्चरमधला हा सगळ्यात खुशीचा भाग, आणि सबटायटलसाठी सगळ्यात भिकार. कारण इथे एकाच वेळी चार तोंडं चालतात. बेंचवरून कोच ल्यूथर बेडफर्ड, प्रेक्षकांतून आर्थरचे आईवडील शीला आणि बो, हॉलमधला लाउडस्पीकर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर स्टीव्ह जेम्सचं निवेदन, म्हणजे खुद्द दिग्दर्शकाचं. (कोचला पोरं ‘सर’ म्हणणार की ‘कोच’, हा वाद मागे झालाय. मी तो पुन्हा उकरत नाही. ‘सर’ म्हणणार.)

मी सगळं घेतलं होतं. एकही वाक्य सोडलं नव्हतं. दोन ओळींची शिस्त पाळली होती, क्यू (म्हणजे एका वेळी पडद्यावर येणारं एक सबटायटल) आणि क्यूमध्ये नीट फट ठेवली होती, शॉट बदलला की सबटायटल बदलत होतं. आवाजाच्या आलेखावर, वेव्हफॉर्मवर, बघायला देखणं काम. मग भाचीच्या टीमला घरी बोलावून चाचणी खेळ केला. कॉलनीच्या कोर्टवर रोज खेळणाऱ्या पोरी, म्हणजे खेळ समजावून सांगायची गरज नाही. कॅब्रिनी-ग्रीनमधलं विल्यमचं घर, वेस्ट गारफिल्ड पार्कमधलं आर्थरचं घर, एजींची वीज तोडलेली संध्याकाळ, सगळं निमूट बघितलं त्यांनी. शाळेला जायला-यायला मिळून तीन तास, हे ऐकल्यावर तर दोघीतिघींनी आपापल्या लोकलचे हिशेब मांडले. मार्शलच्या मॅचेस सुरू झाल्या आणि पाचव्या मिनिटाला भाची म्हणाली, “मामा, तुझं वाचू की बॉल बघू?”

एवढ्या एका वाक्याने महिनाभराचं काम आडवं झालं.

पहिला संशय अर्थातच वेगावर. सीपीएस, म्हणजे सेकंदाला किती अक्षरं वाचावी लागतात तो आकडा, तपासला. आता इथे आपलं जुनं दुखणं पुन्हा आडवं आलं. बहुतेक सॉफ्टवेअर अक्षरं मोजत नाहीत, युनिकोडचे तुकडे मोजतात. ‘शिष्यवृत्ती’ घ्या. हा शब्द या पिक्चरमध्ये पावलोपावली येतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात चार अक्षरं दिसतात : शि, ष्य, वृ, त्ती. सॉफ्टवेअर मोजतं अकरा, कारण प्रत्येक वेलांटी, प्रत्येक पाय मोडल्याची खूण आणि ऋकार त्याच्या हिशेबी वेगळा. म्हणजे जोडाक्षरं जास्त असलेली ओळ उगाच ‘फार वेगवान’ म्हणून लाल होते, आणि सुट्ट्या अक्षरांची लांबलचक ओळ हिरवी राहते. मी आपल्या एका सभासदाने दिलेली अक्षरमोजणीची छोटी स्क्रिप्ट चालवली (त्याचे पुन्हा आभार, ती सोन्यासारखी आहे) आणि सगळे क्यू नव्याने मोजले. निकाल असा की मार्शलच्या भागातले बहुतेक क्यू वेगाच्या दृष्टीने ठणठणीत. भाची वेगाबद्दल तक्रार करतच नव्हती!

मग जागेचा प्रयोग. निवेदन पडद्याच्या वरच्या बाजूला, माणसांची बोलणी खाली. एजिसब या सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चुटकीसरशी होतं, आणि लॅपटॉपवर झकास दिसलं. टीव्हीवर लावलं तर टीव्हीने वरचं-खालचं काही जुमानलं नाही, सगळं तळाशी एकावर एक ढीग करून दाखवलं. शिवाय ‘दुसऱ्या’मधला र असा काही फोडला की मुलांना वाटलं नवीन अक्षर आलंय. टीव्हीची कंपनी सांगत नाही, सगळ्यांचीच थोडीफार हीच कथा आहे. सबटायटल चित्रातच कायमची भाजून टाकावी म्हटलं तर ओळ दुरुस्त करायची झाली की पुन्हा सगळं भाजा. फॉन्टची निवड मात्र यातून पक्की झाली : ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, मध्यम जाडी. जोडाक्षरं स्वच्छ, रेघ फार जाड नाही, लांबून वाचता येतो, आणि फुकट आहे. यापुढे फॉन्टवर मी एक शब्द बोलणार नाही.

रंगांचा प्रयोगही केला. शीला पिवळी, बो पांढरा, निवेदन निळसर. नको. ते कॅरम बोर्डासारखं दिसायला लागलं.

तिढा कुठे आहे ते कळलं आवाज बंद करून बघताना. सबटायटलही बंद, आवाजही बंद, नुसतं चित्र. शहर स्पर्धेत किंग हायस्कूलसारख्या दांडग्या संघाशी गाठ पडलेली, आणि तरी काय चाललंय ते शंभर टक्के समजतं! बॉल कुणाकडे, कोण पुढे, आर्थर कधी घुसला, कधी हुकला. निवेदन सांगतं त्यातलं निम्मं चित्रच सांगून टाकतं. या पिक्चरला 1995 साली ऑस्करचं एकच नामांकन मिळालं आणि तेही संकलनाचं, स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि विल्यम हॉग्स या तिघांना. माहितीपटांच्या विभागात तर घेतलंच नाही, यावरून तेव्हा केवढा गहजब झाला होता. सुमारे 250 तासांच्या चित्रणातून मॅच अशी कापलीय की मुक्याने बघितली तरी कळावी, आणि मी त्यावर मराठीचा गिलावा चढवत बसलो होतो.

म्हणून कात्री घेतली. कोर्टवरचं सगळं उडवलं. लाउडस्पीकर गेला. ‘डिफेन्स, डिफेन्स’ गेलं, ते कुठल्या पोराला मराठीत सांगावं लागतं? बेडफर्डचीही बाकावरची ओरड गेली, त्याचा चेहरा पुरेसा बोलका आहे. ठेवलं ते फक्त प्रेक्षकांतलं. शीला काय म्हणते आणि बो काय म्हणतो, एवढंच. आणि एकदम तो प्रसंग उघडला. कारण मॅचचा स्कोर आपल्याला कळतोच, आपल्याला माहीत नसतं ते हे की याच बाईच्या घरची वीज मधल्या काळात तोडली गेली होती आणि हाच बाप व्यसनापायी घर सोडून, तुरुंगात जाऊन परत आलाय. ते दोघं शेजारी बसून एकाच पोरासाठी ओरडतायत, हीच खरी मॅच. तिथे दोन ओळी आल्या तर माणूस बॉल सोडून आनंदाने वाचतो.

मला वाटलं झालं, हाच नियम सगळ्या पिक्चरला लावू. सेंट जोसेफच्या मॅचेस काढल्या आणि तोच वस्तरा फिरवला. साफ पडलं. विल्यम गेट्सच्या मॅचमधून तिथला कोच जीन पिंगाटोर याचं बोलणं काढलं की काही उरतच नाही. तिथे दडपण बेंचवरून येतं. इसाया थॉमस याच शाळेत, याच कोचच्या हाताखाली घडला आणि पुढे डेट्रॉइटकडून 1989 आणि 1990 अशा लागोपाठ दोन एनबीए विजेतेपदांत कर्णधार होता, हे ओझं घेऊन विल्यम उतरतो. गुडघा दुखावल्यावर तर कोचचा प्रत्येक शब्द ऐकायलाच हवा, कारण खेळायची घाई कुणाला झालीय ते त्यातूनच कळतं. म्हणजे एकाच पिक्चरात मला दोन कायदे हवेत : विल्यमच्या मॅचला बेंच बोलेल, आर्थरच्या मॅचला प्रेक्षक बोलतील. अपवाद येतीलच, विल्यमचा भाऊ कर्टिस बोलतो तिथे मी कशालाही हात लावणार नाही. पण सुरुवातीला हे धरून चाललं की क्यूंची निवड कशी करायची हा रोजचा छळ संपतो.

आपल्यात एक पंथ आहे, ‘जे बोललं ते सगळं आलंच पाहिजे’ म्हणणारा. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, बैठ्या मुलाखतींपुरतं. शीला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवून पूर्ण करते आणि त्या जवळपास रिकाम्या हॉलमध्ये तिला प्रमाणपत्र मिळतं, तिथे मी एक ‘अं’सुद्धा सोडलेला नाही. मॅचमध्ये हा हट्ट कशाला?

मधल्या काळात एक छोटा विजय झालाय, तो सांगूनच टाकतो. टायमिंग सरकण्याचं भूत उतरलं. पिक्चर मुळात बेटाकॅम व्हिडिओवर घेतलेला, मग थिएटरसाठी फिल्मवर चढवलेला, आणि 2014 साली विसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्याची डिजिटल डागडुजी झालेली. व्हिडिओच्या सेकंदाला जवळजवळ 30 फ्रेम, फिल्मच्या 24, युरोपातल्या डिस्कच्या 25. माझ्या जुन्या डिस्कवर बांधलेलं टायमिंग नव्या प्रतीवर सुरुवातीला जुळायचं आणि शेवटाकडे माणूस बोलून गेल्यावर मराठी उगवायची. आता ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकांचे दोन क्यू पकडले, पहिला चौदा वर्षांच्या आर्थरचा, शेवटचा अगदी अखेरच्या मिनिटातला, आणि मधलं सगळं त्याला ताणायला लावलं. मधोमध तपासलं, ओठ आणि ओळ बरोबर. त्या संध्याकाळी मी स्वतःला एक कटिंग चहा जास्तीचा पाजला. फुकटात मिळणाऱ्यांमध्ये या कामाला सबटायटल एडिटइतकं सुटसुटीत दुसरं मला सापडलेलं नाही, एजिसब फक्त देखणेपणासाठी उघडतो.

आणि हे लिहिता लिहिता आत्ता डोक्यात आलं ते असं. निवेदन सबटायटलमध्ये ठेवायचंच कशाला? स्टीव्ह जेम्सचं निवेदन या पिक्चरमध्ये मोजकं आहे, कोरडं आहे, आणि ते बोलणारा पडद्यावर दिसत नाही, म्हणजे ओठ जुळवायचा प्रश्न नाही. ते मराठीत कुणीतरी बोललं तर? मग खालच्या दोन ओळी फक्त माणसांसाठी मोकळ्या. चार तोंडांतलं लाउडस्पीकरचं उडवलं, कोचचं जागा बघून उडवलं, आणि निवेदकाचं डोळ्यांकडून कानाकडे पाठवलं. उरली शीला आणि बो.

अडचण आहेच. मूळ निवेदन वेगळं काढता येत नाही, आवाज आणि संगीत एकाच ट्रॅकवर मिसळलेलं. तिथल्या तिथे मूळ आवाज खाली करून वर मराठी चढवली की प्रेक्षकांचा गोंगाटही दबतो, आणि मॅचमध्ये तोच तर हवा. म्हणून रेकॉर्ड करायचंच नाही. घरच्या खेळाला कुणीतरी माइक घेऊन पडद्याशेजारी बसायचं आणि निवेदन आलं की वाचायचं. मूळ आवाज ऐकू येत राहील, येऊ दे. कागदावर टाइमकोडसकट निवेदनाची वाक्यं काढायला लागतील, पण ती माझ्याकडे फाइलमध्ये आहेतच, फक्त निवेदनाचे क्यू गाळून छापायचे. फाइलही मग दोन होतील : एक निवेदनासकट, एकट्याने बघणाऱ्यासाठी, आणि एक निवेदनाविना, खेळासाठी. कालपर्यंत एकच पक्की फाइल करून मोकळं व्हायचा बेत होता. तो गेला.

बाकी राहिलंय ते असं. शँपेनची उपांत्य फेरी नव्या कायद्याने पुन्हा बांधायची. आर्थरच्या अठराव्या वाढदिवसाचा केक झालाय, पण तिथे शीला तो जिवंत आहे म्हणून खूश आहे हे म्हणते ती ओळ मला अजून लांब वाटते, तिच्यातला एक शब्द काढायचाय. शेवटी विल्यम मार्केट विद्यापीठात जातो आणि आर्थर मिझुरीतल्या मिनरल एरिया कॉलेजला, तिथल्या पाट्या आणि अक्षरी मजकूर बाकी आहेत. पाट्यांचं मराठीकरण करायचं की फक्त महत्त्वाच्या वाचून दाखवायच्या, यावर माझं मत आता माइकवाल्याच्या बाजूने झुकतंय.

मात्र माइकवाला हवा. माझा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा आहे असं भाचीचं मत पडलं आणि तिच्या टीमने ते एकमताने मंजूर केलं. तर कुणाला सुमारे तीन तास बसून, घाई न करता, नाटकी न होता वाचता येत असेल तर कळवा. आकाशवाणीवर काम केलेलं कुणी असेल तर उत्तम. चहा, वडापाव माझ्याकडून, आणि निवेदनाचा कागद मोठ्या टायपात छापून देईन, ‘मुक्त’मध्येच.